बेबीताईंचा आवाज आणि वाल्मिकचे स्पीकर

मिसिसागातला वाल्मिक रामटेके एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. "दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो, स्वतःच्या फुकटात करतो," अशी तो नव्या माणसाला स्वतःची ओळख करून देतो. स्पीकरची हकीकतही तोच सांगतो, कुणी न विचारता, आणि दर वेळी स्वतःला आधीपेक्षा थोडं जास्त मूर्ख ठरवत. त्याची बायको धम्मप्रिया म्हणते की अतिशयोक्तीची गरज नाही, घडलं तेवढं पुरेसं आहे. म्हणून इथे घडलं तेवढंच.

२००९ साल संपत आलं होतं. वाल्मिकची मोठी बहीण बेबीताई स्कारबरोला राहतात, शाळांच्या बोर्डाच्या अकाउंट्स विभागात नोकरी करतात. टोरांटोच्या आसपासची आमच्या असोसिएशनची मंडळी दर एप्रिलमध्ये एखाद्या शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन बाबासाहेबांची जयंती करतात. तिथे भीमगीतं बेबीताई गातात. नागपुरात इंदोऱ्याला फ्रॉक घालून फिरत होत्या तेव्हापासून त्या गातात. माईक असला तर माईकवर, माईक शिट्ट्या मारायला लागला तर तो बाजूला ठेवून. त्यांचा वरचा सूर लागला की हॉलच्या मागच्या दाराशी समोसे मोजत उभा असलेला माणूसही मोजणं थांबवतो आणि नंतर पहिल्यापासून मोजतो.

पण त्यांच्या गाण्याचं धड रेकॉर्डिंग एकही नव्हतं. होती ती कुणी कुणी हँडीकॅमवर घेतलेली, आणि त्यांत गाण्यापेक्षा खुर्च्या सरकवल्याचा आवाज जास्त.

त्या हिवाळ्यात बेबीताईंच्या थायरॉइडवर गाठ निघाली. गाठ साधी होती, पण वाढत होती. मे महिन्यात ऑपरेशन ठरलं. सर्जननं स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्राकडे जाणारी नस अगदी शेजारून जाते, बोलायला कायमची अडचण येणार नाही, पण वरचे सूर पूर्वीसारखे लागतील याची खात्री देता येत नाही. बेबीताईंनी ही बातमी असोसिएशनच्या बैठकीत चहा ओतता ओतता दिली. "गळा उघडणार आहेत. मंग वरचं राहते का जाते, ते पाहू."

जयंतीपर्यंत त्यांच्या आठ गाण्यांची सीडी करायची असं तिथेच ठरलं. एकानं स्टुडिओत चौकशी केली. स्टुडिओचा दर ऐकून सगळे खिडकीबाहेरचा बर्फ बघायला लागले. तेव्हा वाल्मिक म्हणाला, "मी घरी करतो. बेसमेंटमध्ये कम्प्युटर आहेच."

तो आता म्हणतो, "माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात सोपं वाक्य ते. त्यात 'कम्प्युटर आहेच' एवढाच भाग खरा होता."

कम्प्युटर होता. त्याच्याबरोबर फुकट आलेले दोन राखाडी प्लास्टिकचे स्पीकरही होते. त्यांच्यातून बाई गायली काय, बुवा गायला काय, आवाज डालड्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. रेकॉर्ड केलेलं गाणं नीट ऐकून त्यात सुधारणा करायची म्हणजे ढोलकी कमी, पेटी थोडी जास्त, आवाज पुढे. त्यासाठी आधी ते खरं कसं वाजतंय हे कळायला हवं. म्हणजे टेबलावर ठेवायला बरे स्पीकर हवेत, आणि खिशाला परवडणारे हवेत. इथपर्यंत वाल्मिकचं डोकं बरोबर चाललं होतं.

माईकबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणून माईक आणि तो कम्प्युटरला जोडायची डबी एका संध्याकाळी घेऊन झाली. स्पीकरबद्दल थोडं माहीत होतं, म्हणून आख्खा हिवाळा लागला.

त्यानं विचारायचं कुणाला बाकी ठेवलं नाही. राजन हा असोसिएशनमध्ये पेटी वाजवणारा त्याचा मित्र. तो म्हणाला, मोठा जुना अ‍ॅम्प्लिफायर घे, लोक घरातलं जुनं सामान विकतात त्या गराज सेलमध्ये मिळतो, आणि त्याला लाकडी स्पीकर जोड. त्याच्या घरी तसा एक होता, सुटकेसएवढा, त्याच्यावर तो हिवाळ्यात मोजे वाळवायचा. ऑफिसातल्या एका पंजाबी सहकाऱ्याचा सबवूफरवर विश्वास होता. दोन छोटे स्पीकर वर आणि खर्ज घुमवणारा एक ठोकळा टेबलाखाली. तसा एक संच वाल्मिकनं घरी आणून लावला. ढोलकी सुरू झाली की वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटायचं. धम्मप्रिया दोनदा वर जाऊन बघून आली. एक सल्ला मीही दिला होता, की हेडफोन पुरेत. तो चुकीचा निघाला, पण दिला होता अगदी ठामपणे.

मग तो इंटरनेटवरच्या चर्चा वाचायला लागला. तिथे माणसं आवाजाला उबदार, कोरडा, कुरकुरीत, दाणेदार म्हणायची. "मी चिवड्याबद्दल वाचून राहिलो का स्पीकरबद्दल, समजेना," तो सांगतो. त्या सगळ्या चिवड्यातून त्याच्या हाती लागलं ते एवढंच: अ‍ॅम्प्लिफायर पोटातच असलेली छोटी जोडी घ्यावी, गाणं गोड करून सांगणारी नको, आहे तसं सांगणारी घ्यावी. दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीला असावेत, भिंतीला चिकटवू नयेत, आणि आपलं डोकं आणि ते दोघे मिळून तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हावा. एवढं समजायला एखादा रविवार पुरला असता.

पण परत करायची सोय असलेल्या देशात मराठी माणूस एका फटक्यात काही विकत घेत नाही. वाल्मिक एक जोडी आणायचा, खोक्याची फीत ब्लेडनं अलगद कापायचा, थर्माकोल, पॉलिथिन, तारा बांधायची ती मुरडलेली वायर, सगळं जसं होतं तसं बाजूला ठेवायचा. ऐकायचा. मग सगळं पुन्हा आत घालून दुकानात नेऊन द्यायचा. परतीच्या काउंटरवरची मुलगी त्याला नावानं ओळखायला लागली.

"मिस्टर रामटेके, नॉट हॅपी अगेन?"

धम्मप्रिया म्हणाली, "तिला आता जयंतीचं निमंत्रणच द्या. घरचीच झाली."

इकडे रेकॉर्डिंग चालू होतं. शनिवारी सकाळी बेबीताई स्कारबरोहून यायच्या, राजन पेटी घेऊन यायचा, ढोलकीला असोसिएशनमधलाच एक जण. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर माईकमध्ये येते म्हणून गाणं होईपर्यंत फर्नेस बंद. बाहेर उणे पंधरा. बेबीताईंच्या विंटर जॅकेटचा सळसळाट माईकमध्ये यायला लागला तेव्हा त्यांनी तेही काढून ठेवलं आणि शालीत गायल्या. अशी सहा गाणी झाली. दोन राहिली. दोन्ही सगळ्यात उंच पट्टीची होती आणि बेबीताईंनी ती मुद्दाम मागे ठेवली होती.

"आधी मशीन तर नीट कर," त्या म्हणायच्या. "माझा गळा तयार आहे. तुझं टेबल कधी तयार होईल?"

"बस, या वीकेंडला फायनल करतो, ताई."

"मागच्या वीकेंडलाही फायनल होतं. डॉक्टर तारीख बदलत नाही आणि तू स्पीकर बदलून राहिला."

फेब्रुवारीत शेवटी वाल्मिकनं एक जोडी घेतली. काळी, पुस्तकाच्या कपाटात मावेल एवढी, पाठीला एक बटण. नावाजलेली, त्या मानानं स्वस्त, त्याला हवी तशीच. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांच्या चवडीवर ठेवून कानाच्या उंचीला आणली. भिंतीपासून पुढे ओढली. त्रिकोण मोजपट्टीनं मोजला.

अडचण एकच होती. या स्पीकरांच्या तोंडावर जाळी नव्हती. पुढचा मोठा गोल आणि वरचा छोटा घुमट दोन्ही उघडे. टेबलाच्या एका बाजूला फर्नेस, दुसऱ्या बाजूला ड्रायर. हिवाळाभर कपडे ड्रायरमध्ये वाळतात आणि त्यांची बारीक राखाडी लव सगळीकडे बसते. आणि दुकानाची अट होती की दोन महिन्यांच्या आत परत आणायचे तर नव्यासारखे हवेत.

"परत करणार आहात?" धम्मप्रियानं विचारलं.

"करणार नाही. पण समज करायचे झाले, तर."

"मंग कव्हर शिवून देते."

आमच्या घरांमध्ये वस्तूला कव्हर घालतात तेव्हा कुणी कारण विचारत नाही. नागपूरच्या घरी टीव्हीला कव्हर होतं, मिक्सरला होतं, शिलाई मशीनला होतं, रिमोट पॉलिथिनमध्ये असायचा आणि बटणं त्या पॉलिथिनवरून दाबायची. कॅनडात येऊन प्रिंटरलाही मिळालं. धम्मप्रियानं दिवाणखान्याच्या पडद्याचं उरलेलं कापड घेतलं. थंडी अडवायला असतात तसे ते जाड, आतून अस्तराचे पडदे. त्याचे तिनं दोन झगे शिवले, पाठीमागे वायरीसाठी खाच, बटणासाठी भोक, कडेला गोट. स्पीकर शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मुलांसारखे दिसायला लागले.

ते झगे वाजवतानाही अंगावरच राहिले. वाल्मिकला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि त्याच्याजवळ युक्तिवाद होता. "बाबांचा ट्रान्झिस्टर जन्मभर चामड्याच्या कव्हरात वाजला. आणि मोठमोठ्या स्पीकरच्या तोंडाला कंपनी स्वतःच कापड लावते. कापडातून आवाज जातो. हे सायन्स आहे."

मग त्यानं टेस्टिंग सुरू केलं. जे करायचा त्याला पगार मिळतो, तेच. डावा-उजवा बरोबर आहे का, वायरीत गुणगुण आहे का, सगळं तपासलं. इंटरनेटवर खर्जापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारे सूर मिळतात, तेही लावून बघितले. खालचे, मधले छान वाजले. वरचे येता येता विरून गेले.

इथे चांगल्या टेस्टरनं काय करावं? मधलं एक एक कारण काढून बघावं. वाल्मिकनं ठरवलं की आपली चाळिशी उलटली आणि कान गेले.

तो खरंच मॉलमधल्या एका क्लिनिकमध्ये जाऊन कान तपासून आला. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसला आणि प्रत्येक बीपला हात वर केला. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमचे कान तरुण माणसाचे आहेत. तो खुशीत घरी आला, धम्मप्रियाला सांगितलं, राजनला फोन करून सांगितलं. मग कान चांगले असूनही वरचे सूर कमी येतात, म्हणजे हे स्पीकरच मऊ आवाजाचे, असा निष्कर्ष काढला आणि सहाही गाण्यांमध्ये वरचा भाग, ज्याला ट्रेबल म्हणतात, तो चढवून दिला. एकदा चढवला, ऐकलं, थोडं कमी वाटलं, आणखी चढवला. बेसमेंटमध्ये ते फार गोड वाजलं.

"मधेच मला असंही वाटलं," तो सांगतो, "की नोकरी सोडून हेच करावं."

मार्चच्या मध्यावर असोसिएशनची बैठक होती. बैठक संपल्यावर शाळेच्या पार्किंगमध्ये, राजनच्या गाडीत, सहा गाण्यांची पहिली सीडी ऐकायचं ठरलं. राजनच्या गाडीचा स्टिरिओ सगळ्यांत चांगला. बेबीताई पुढच्या सीटवर, मागे वाल्मिक आणि धम्मप्रिया. राजननं हीटर बंद केला, म्हणजे आवाज नीट ऐकू येईल.

पेटी सुरू झाली ती कुकरच्या शिट्टीसारखी. राजननं मान थोडी मागे घेतली. मग बेबीताईंचा आवाज आला. प्रत्येक 'स' आणि 'च' पत्र्यावर नख ओढल्यासारखा. वरच्या सुराला तर आवाज पातळ होऊन चरचरायला लागला. पहिलं कडवं कसंबसं झालं.

"बंद कर," बेबीताई म्हणाल्या.

राजननं बंद केलं.

"डॉक्टर म्हणत होता ऑपरेशननंतर जाईल," त्या समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या. "हा तर आधीच गेला नं."

"ताई, तसं नाही," राजन म्हणाला, "रेकॉर्डिंगमध्ये कधी कधी..."

"राजन, रेकॉर्डिंग गात नाही. मी गाते."

वाल्मिक मागून म्हणाला, "माझ्याकडे घरी मस्त वाजते. खरंच, ताई. तू घरी येऊन ऐक."

"घरी तुले मीही मस्तच वाटते, भाऊ आहेस म्हणून. मले स्वतःले आतून ऐकू येते तो आवाज वेगळा राहते, बाहेरून असा येत असेल तर मले काय माहीत? आजवर कुणी नीट रेकॉर्डच नाही केलं." मग राजनकडे वळून, "ही सीडी वाटू नका. लोकांच्या घरात हा आवाज नाही ठेवायचा मले. आणि ते दोन राहू दे."

धम्मप्रियानं "ताई" एवढंच म्हटलं. बेबीताईंनी सीटबेल्ट लावला आणि राजनला स्टेशनवर सोडायला सांगितलं.

त्यानंतरच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या की ग्रोसरीला जायचं आहे. त्याच्या पुढच्या शनिवारीही ग्रोसरीच होती. इतकी ग्रोसरी एका माणसाला लागत नाही हे वाल्मिकलाही कळलं. जयंती जवळ येत होती, ऑपरेशन त्यानंतर लगेच. ती दोन उंच गाणी त्याआधी झाली नसती तर मग कधी झालीच नसती.

वाल्मिकनं आधी गाडीवर संशय घेतला. सीडी धम्मप्रियाच्या गाडीत लावली. तीच चरचर. स्वयंपाकघरातल्या छोट्या प्लेअरवर लावली. मसाल्याच्या डब्याचं झाकण थरथरलं. फक्त बेसमेंटमध्ये गोड. तेव्हा त्याच्या टेस्टर मेंदूनं निकाल दिला: स्पीकर खोटं बोलतात. सदोष माल. दोन महिने अजून भरले नव्हते.

रविवारी सकाळी तो खोकं घेऊन बसला. थर्माकोल काढला, पॉलिथिन सरळ केलं, ती मुरडलेली वायरही सापडली. काउंटरवरच्या मुलीला दोष नेमका काय ते सांगता यावं म्हणून शेवटचं एकदा गाणं लावून ऐकायचं ठरवलं. झगे मात्र काढून घडी घालून ठेवले, कारण ते काही खोक्यातून आलेले नव्हते.

गाणं लागलं आणि पत्र्यावर नख ओढलं गेलं.

त्यानं गाणं थांबवलं. एका स्पीकरला झगा घातला, लावलं. त्या बाजूनं गोड, दुसऱ्या बाजूनं चरचर. झगा काढला. दोन्हीकडून चरचर. पुन्हा घातला.

धम्मप्रिया कपड्यांची बास्केट घेऊन जिन्यावरून उतरत होती. ती तिथेच थांबली.

"काय करून राहिले?"

"टेस्टिंग."

"टोपडं घालायचं आणि काढायचं, हे टेस्टिंग?"

त्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि पुन्हा करून दाखवलं. जाड कापड आणि अस्तर वरचे सूर गिळत होतं. ते कमी येतात म्हणून यानं ते चढवले होते, पडद्यातून पार होऊन बाहेर येतील इतके. स्पीकर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते. त्यांच्या तोंडावर पडदा यांनीच टाकला होता.

"म्हणजे चूक माझ्या कव्हरची?" धम्मप्रियानं विचारलं.

"नाही, नाही. शिलाई एकदम उत्तम आहे."

"शिलाई मले माहीत आहे. चूक कुणाची ते विचारते."

"माझी."

"लिहून द्या," असं म्हणून ती ड्रायरकडे गेली. मग तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "ताईंना फोन लावा. आत्ता लावा."

मूळ रेकॉर्डिंग शाबूत होतं. बिघडवलं होतं ते त्यानं नंतर केलेलं काम. पण बेबीताईंना हे सांगायचं म्हणजे गाडीत त्या जे समजल्या ते का समजल्या, हेही सांगावं लागणार होतं. वाल्मिकनं फोनवर सायन्सपासून सुरुवात केली. बेबीताईंनी त्याला बराच वेळ बोलू दिलं.

"थांब," मग त्या म्हणाल्या. "तू स्पीकरला पडदे घातले होते?"

"कव्हर. धुळीसाठी."

"गाणं ऐकताना?"

"हो."

"आणि आवाज दबला म्हणून चढवला?"

"हो, ताई."

"आणि मी इथं दोन आठवडे आरशापुढे तोंड उघडून गळा पाहून राहिली."

वाल्मिकनं घडी घातलेले झगे पायानं टेबलाखाली सारले.

"वाल्मिक, तू ऑफिसात काय करते म्हणाला होतास?"

"टेस्टिंग."

"त्या कंपनीचा विमा आहे का माझ्याकडे?"

"नाही."

"बरं आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण शनिवारी आल्या.

आल्या त्या जॅकेटसकट टेबलापुढच्या खुर्चीत बसल्या. स्पीकर उघडे होते. वाल्मिकनं काहीही न चढवलेलं, न उतरवलेलं पहिलं गाणं लावलं. त्या डोळे मिटून नाही, स्पीकरकडे बघत ऐकत होत्या, समोर उभ्या असलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "आणखी एक लाव." मग आणखी एक. तिसऱ्या गाण्यात एका जागी त्यांनी बोट वर केलं.

"इथं दम कमी पडला."

"कुठे? मला नाही आलं ऐकू. आणि तेवढं मी कम्प्युटरवर ठीक करतो."

"तू काही ठीक करू नको. तुझं ठीक केलेलं ऐकलं मी गाडीत." त्यांनी जॅकेट काढून शाल घेतली. "हे पुन्हा गाते. आणि मंग ते दोन. फर्नेस बंद करा."

राजननं पेटी उघडली. बेबीताई काळी चारमध्ये गातात, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरून, आणि ती दोन गाणी त्यात फार वर जाणारी. दम कमी पडलेलं गाणं पुन्हा झालं, मग त्या दोनांतलं पहिलं एका दमात झालं. दुसऱ्याला त्यांनी वरचा सूर धरला तेव्हा धम्मप्रिया जिन्यात बसलेली होती आणि वर ओव्हनची बेल वाजणार हे तिच्या लक्षात आलं. ती उठली नाही, उठली असती तर पायरी वाजली असती. बेल वाजली. गाणं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्यांदा तो सूर पहिल्याइतका लांब राहिला नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि कुणी काही बोलायच्या आत बेबीताईच म्हणाल्या, "तिसऱ्यांदा."

तिसऱ्यांदा राहिला.

सीडी जयंतीला वाटली गेली. आठही गाणी जशी गायली होती तशी आहेत, ढोलकी थोडी कमी, पेटी थोडी जास्त. वाल्मिकनं बाकी कशाला हात लावला नाही. स्पीकर परत गेले नाहीत. दुकानातल्या त्या मुलीला त्याच्याशिवाय बरेच दिवस चुकल्यासारखं झालं असेल, असा त्याचा अंदाज आहे.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. बेबीताई काही आठवडे पाटीवर लिहून आणि नंतर कुजबुजत बोलल्या. स्कारबरोच्या ऑफिसात त्यांचं सगळ्यांनी लगेच ऐकलं, असं त्या सांगतात, कारण कुजबुजणाऱ्या माणसाला लोक घाबरतात. बोलण्याचा आवाज उन्हाळ्यात पूर्ण परत आला. गाण्याचं त्या कुणालाही बोलल्या नाहीत, आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. वाल्मिक मधून मधून फोन करायचा आणि हवापाण्याचं बोलायचा. "मले गायचं असलं की मी सांगीन," एकदा त्याच म्हणाल्या. "तू स्पीकर नको घेऊ आणखी."

पुढच्या एप्रिलला हॉल तोच, जेवणाचं सामान उशिरा आलेलं, लोक कोट काढून खुर्च्यांच्या पाठींना अडकवत होते. बेबीताई स्टेजवर जाऊन बसल्या. गळ्याला बारीक आडवा व्रण होता, तो झाकायला त्यांनी काही घातलं नव्हतं. राजननं नेहमीप्रमाणे पेटीवर काळी चार धरली.

"तीन घे," बेबीताई म्हणाल्या.

राजननं त्यांच्याकडे बघितलं. तीन म्हणजे एक पट्टी खाली. "ताई, सगळ्यांनी सीडीवर चारमध्ये ऐकलंय. लोक म्हणतील..."

"सीडीतली बाई सीडीत आहे. तिले चारच पाहिजे. इथं मी बसली आहे. तीन घे."

वाल्मिक बाजूला साउंडच्या टेबलापाशी उभा होता. त्याच्यासमोर बटणांच्या रांगा होत्या आणि असोसिएशननं त्याला सांगून ठेवलं होतं की आवाज कमी पडला तर वाढव. त्यानं हात पाठीमागे बांधले.

राजननं तीन घेतली. बेबीताईंनी घसा साफ केला नाही, पाणी प्यायलं नाही, सरळ सुरुवात केली. मागच्या दाराशी कुणीतरी समोसे मोजत होतं. ते कितीवर थांबलं हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही.